मुंबई–दुबई दोन तासांत? भागाकार इतका सोपा नाही

सध्या फिरणारा फॉरवर्ड असा: 'मुंबई–दुबई १९०० किलोमीटर, विमानाचा वेग ९००, म्हणजे दोन तास. मग तिकिटावर सव्वातीन तास कसे? कंपन्या विमान मुद्दाम हळू नेतात. शिवाय पृथ्वी पूर्वेकडे फिरते, म्हणून जाताना जास्त वेळ लागतो.'

अंतर जवळपास बरोबर आहे. दोन्ही विमानतळांमधलं कमीत कमी अंतर सुमारे १,९३० किमी भरतं. ठरलेल्या हवाई मार्गाने थोडं जास्त.

वेग मात्र सोयीने घेतलेला. या मार्गावर सर्रास दिसणारी ए३२० किंवा ७३७ विमानं वर गेल्यावर ताशी ८३०–८४० किमीने जातात. ९०० च्या आसपास जातात ती ७७७ सारखी मोठी. आणि हा वेगही फक्त मधल्या टप्प्यातला. दहा हजार फुटांखाली साधारणपणे २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किमीची मर्यादा असते.

तिकिटावरची वेळ तर चाकं धावपट्टी सोडतात तेव्हाची नसतेच. विमान गेटवरून मागे ढकललं जातं तिथपासून दुबईत गेटला लागेपर्यंतचा हिशोब तो. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत. गर्दीच्या वेळी रांगेतच वीस मिनिटं जातात. आता बेरीज करा: ८४० च्या वेगाने २ तास १८ मिनिटं, चढण्या-उतरण्यात आणि वळणात वाढलेली १०–१५, दोन्हीकडच्या टॅक्सीची, म्हणजे गेट आणि धावपट्टी यांमध्ये विमान जमिनीवरून चालतं त्याची, मिळून ३०. समोरून वारा असला की सव्वातीन झालेच.

'मुद्दाम हळू' यात थोडं तथ्य आहे. वेळापत्रकात राखीव मिनिटं धरलेली असतात, कारण पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान 'वेळेवर' मोजलं जातं. पण ती मिनिटं भरून काढायला कोणी आकाशात इंधन जाळत बसत नाही. रांग लागली नाही तर विमान लवकर पोहोचतं, इतकंच.

पृथ्वीच्या फिरण्याचा मुद्दा तर स्वतःच्याच पायावर धोंडा आहे. पृथ्वी पूर्वेकडे फिरून विमानाखालून सरकत असती, तर दुबईच आपल्याकडे आली असती आणि जायला कमी वेळ लागला असता! मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किमीने फिरते, पण हवाही तिच्याबरोबरच फिरते. फरक पाडतो तो वरचा वारा. हिवाळ्यात पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जेट प्रवाह दक्षिणेला सरकतो आणि या मार्गाला त्याची झळ बसते. समोरून १०० किमीचा वारा धरा: जाताना ताशी ७४०, येताना ९४०. म्हणजे नुसत्या हवेतल्या प्रवासात अर्ध्या तासाचा फरक. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयापलीकडे जातो आणि हा फरक खूप कमी होतो.

राहिलं घड्याळ. दुबई दीड तास मागे. सकाळी १० ला निघून तिथल्या ११:४५ ला पोहोचलात, तर प्रवास पावणेदोन नव्हे, सव्वातीन तासांचा. येताना तिथून १० ला निघून इथल्या २:३० ला उतरलात, तर तीन तासांचा.

पडताळायचं असेल तर फ्लाइट ट्रॅकिंग ॲपवर जानेवारीतल्या एकाच दिवसाची दोन्ही दिशांची विमानं घ्या. वेळापत्रक सोडून फक्त उड्डाण आणि लँडिंगच्या प्रत्यक्ष वेळा पाहा, आणि अरबी समुद्रावरचा ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीच्या हिशोबाने विमानाचा वेग.