घर सोडा, पण आधी डिपॉझिट सोडा

गोव्यात भाड्याचं घर सोडताय ना, मग डिपॉझिट परत मिळेल ही आशा पहिली टाकून द्या, टेम्पोत तेवढीच जागा जास्त मिळेल.

सोडायचा मुहूर्त शक्यतो सप्टेंबरचा धरा. ऑक्टोबरपासून सीझन, त्याच दोन खोल्या मालकाला पर्यटकाला रोजच्या भावाने देता येतात, त्यामुळे तोही तुम्हाला प्रेमाने निरोप देईल. शिवाय जूनपासूनच्या पावसात भिंतीला जी बुरशी चढलीय ती सगळी तुमच्या नावावर लागेल. कौलं गळतात म्हणून भिंत ओली हे सांगून बघा हवं तर, तुम्ही खिडक्या बंद ठेवता म्हणूनच ओल येते असं ऐकायला मिळेल, आणि उघड्या ठेवल्या असत्या तर पाऊस आत घेतला म्हणून.

तपासणीच्या दिवशी मालकीणबाई चष्मा लावून येतील. प्रत्येक स्विच दाबून बघणार, गीझर पाच मिनिटं चालू ठेवणार, आणि मग कॅलेंडरच्या खिळ्याच्या भोकात करंगळीचं टोक घालून नवऱ्याकडे बघणार. तो खिळा आधीच्या भाडेकरूने ठोकलाय हे उगाच सांगू नका, त्याचेही पैसे त्याच खिळ्यासाठी कापलेत. रंगाचे, साफसफाईचे, सगळे वजा करून जे काही उरेल त्यावर उत्तर ठरलेलं, "पैशे मागीर दितां", म्हणजे पैसे नंतर देतो. का तर शेवटचं लाइट बिल यायचंय.

कायदा वगैरे काढायचाच असेल तर केंद्राचा 2021 चा मॉडेल टेनन्सी ॲक्ट आहे, राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट नको, आणि घर ताब्यात घेताना हिशेब करून उरलेलं परत द्यावं असं त्यात लिहिलंय. फक्त तो राज्याने स्वतः आणल्याशिवाय लागू होत नाही, तेव्हा वाचून झोपा.

सामानासाठी खोके मात्र फुकट मिळतात, नाक्यावरच्या कुठल्याही वाईन शॉपमध्ये मागा. सोलकढीच्या पुढे कधी न गेलेल्या माणसाच्या घरातून ओल्ड मंकचे वीस खोके निघताना बघून शेजारच्यांना तुमच्याबद्दल पहिल्यांदाच आदर वाटेल.

नव्या घरी गेल्यावर ते खोके फेकू मात्र नका. वर्षाच्या वर भाडेकरार गेला की 1908 च्या कायद्याने रजिस्ट्रेशन करावं लागतं, म्हणून नवं ॲग्रीमेंटही 11 महिन्यांचंच असणार.