जिवंत असल्याचा पुरावा

मी जिवंत आहे, हे मला रात्री दोनच्या सुमारास एका अनोळखी गृहस्थांना पटवून द्यावे लागले, आणि त्या पुराव्याच्या खुणा अजून माझ्या कपाळावर, कानांच्या पाळ्यांवर आणि डाव्या पापणीवर ठसठशीत उमटलेल्या आहेत. स्थळ कॅनडाच्या युकॉनमधला डेम्प्स्टर महामार्ग. महामार्ग हे त्याचे सरकारी नाव. प्रत्यक्षात तो डॉसन सिटीजवळून निघून उत्तरेला इनुविकपर्यंत जाणारा, सुमारे ७३६ किलोमीटरचा खडीचा रस्ता आहे. मी एकटा होतो, गाडीतच झोपत होतो, आणि या दोन्ही गोष्टी स्वखुशीने करत होतो. एवढी पार्श्वभूमी पुरे.

गाडीत झोपताना लांबीची अडचण वाटते तेवढी नसते. गुडघे शेवटी कोठेतरी मावतात. खरी अडचण काचांची. त्या पूर्ण बंद ठेवल्या तर आपल्याच श्वासाची वाफ आतून साचून पहाटे नाकावर ठिबकते, आणि बोटभर उघडल्या तर डास येतात. त्यात ध्रुववृत्ताच्या पलीकडे जूनमध्ये सूर्य मावळत नाही. म्हणून रॉक रिव्हरच्या तळावर मी फटींना जाळी चिकटवली, उरलेल्या काचांवर टॉवेल आणि रेनकोट टांगले, डोळ्यांवर मफलर गुंडाळला आणि खाण्याचा डबा उशाशी घेऊन आडवा झालो. या डब्याबद्दल एक तक्रार येथेच नोंदवून ठेवतो. अस्वलांविषयीच्या सूचना सांगतात की अन्न तंबूत ठेवू नका, गाडीत बंद करून ठेवा. तंबूवाल्यांची त्यामुळे उत्तम सोय होते. परंतु जो स्वतःच गाडीत, म्हणजे त्या अन्नाच्या शेजारी, बंद होऊन पडतो, त्याने काय करावे याविषयी त्या सूचना मौन पाळतात.

एवढ्या खटाटोपानंतर लागलेली झोप काचेवर पडलेल्या टकटकीने मोडली. मफलर दूर केला तर बाहेर एक वयस्कर गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, टोपीवरून छातीपर्यंत सोडलेली जाळी, हातांत मोजे. मधमाश्या पाळणारा माणूस पोळे तपासायला यावा तसे ते आले होते, आणि पोळे मी होतो.

“झोपला होतात का?” त्यांनी विचारले.

“हो.”

“काय?”

“झोपलो होतो!”

“ऐकू येत नाही. काच जरा खाली घ्या.”

मी काच खाली घेतली. जाळी निघाली, आणि त्या खोऱ्यातले समस्त डास गृहस्थांच्या जाळीला वळसा घालून आत आले. गृहस्थ मात्र निवांत होते. त्यांनी सावकाश समजावून सांगितले की माझी गाडी संध्याकाळपासून हललेली नाही, काचांवर कपडे टांगलेले आहेत, फटीतून एक पाय दिसतो आणि तोही हलत नाही. त्यामुळे त्यांच्या पत्नीच्या मते मी गेलो असावा. त्यांचे स्वतःचे मत तसे नव्हते, पण पत्नीला झोप येईना. मग ते आपल्या अवाढव्य मोटारहोमकडे वळून ओरडले, “जिवंत आहेत!”

“काय?” खिडकीतून आवाज आला.

“जिवंत!”

“स्टेपनी किती आहेत, ते विचारा!”

मी एक बोट वर केले. ते डासांनी ताबडतोब झाकून टाकले. “एकच?” गृहस्थांचा चेहरा जाळीतूनही पडलेला दिसला. “एकच आहे!” त्यांनी तिकडे कळवले, आणि खिडकीचा पडदा सरकला. या रस्त्याची धारदार खडी टायर कापते, ईगल प्लेन्सचा थांबा सोडला तर फोर्ट मॅकफर्सन गाव येईपर्यंत दुसरा पेट्रोलपंप शोधून सापडत नाही, आणि आमच्याकडे दोन स्टेपन्या असून हवा भरायचे यंत्रही आहे, हे सर्व त्यांनी मला सांगितले. ईगल प्लेन्स मी त्याच दुपारी पाहिले होते. तेही सांगितले, पण ऐकू गेले नाही.

नंतर इतिहास सुरू झाला. डिसेंबर १९१० मध्ये फिट्झजेरल्ड नावाचा पोलीस अधिकारी तीन जणांसह फोर्ट मॅकफर्सनहून डॉसनकडे निघाला, वाट चुकला, परत फिरला आणि चौघेही वाटेतच मेले. त्यांना शोधायला कॉर्पोरल डेम्प्स्टर डॉसनहून निघाला तेव्हा फेब्रुवारीचा शेवट आला होता. मार्चमध्ये त्याला सापडली ती प्रेते. “उशीर झाला होता,” गृहस्थ काचेच्या चौकटीवर कोपर टेकवत म्हणाले, “म्हणून आम्ही वेळेवर विचारतो.” ज्याच्या नावाचा रस्ता, त्याचाच दाखला त्यांनी पुढे केल्यावर मी काय बोलणार?

नेमके हेच मला अजून खुपते. या रस्त्यावर थांबलेल्या गाडीची विचारपूस करावी हा शिरस्ता आहे आणि तो योग्य आहे. मोबाइलला रेंज नसलेल्या शेकडो किलोमीटरांत माणसाला माणसाचाच आधार असतो. परंतु त्या मोटारहोममध्ये दोघे जण असल्यामुळे ते दांपत्य ठरते, आणि मी एकटा असल्यामुळे प्रकरण ठरतो. पेट्रोल भरताना “एकटेच?”, पाणी घेताना “एकटेच?”, आणि विचारणाऱ्याच्या नजरेत असे काही की उरलेल्यांचे मी काय केले, हा पुढचा प्रश्न असावा. चोराला हटकता येते, अस्वलावर तिखटाचा फवारा मारता येतो. काळजी घेऊन आलेल्या माणसावर मात्र काहीच मारता येत नाही. त्यांनी जाताना “आता स्वस्थ झोपा” असे सांगितले, तेव्हाही मी आभारच मानले. त्यानंतर उजाडेपर्यंत, म्हणजे उजाडलेलेच असताना, मी गाडीत टाळ्या वाजवत बसलो.

सकाळी पील नदीवरच्या फेरीबोटीपाशी पोहोचलो, तर रांगेत नेमके पुढे ते मोटारहोम उभे होते. फेरी लहान, मोटारहोम प्रशस्त. त्याच्यामागे आणखी एक ट्रक चढवला गेला आणि मला पुढच्या खेपेसाठी थांबायला सांगण्यात आले. सांगायला आलेला खलाशी वाकून आत डोकावला, माझ्या सुजलेल्या पापणीकडे पाहून म्हणाला, “अच्छा, ते तुम्हीच. मागच्या एका टायरात हवा कमी आहे, बरे का,” आणि निघून गेला. ही फेरी सरकार फुकट चालवते, त्यामुळे पैसे मोजल्याच्या जोरावर तक्रार करण्याचीही सोय नव्हती.