जुने लोक अडाणी नव्हते, त्यांनी पुरावा मागितला होता

खगोलशास्त्राच्या इतिहासावरचा एक मजकूर कित्येक वर्षं फिरतो आहे. कधी चित्रावर छापलेला, कधी मिनिटभराच्या व्हिडिओत, कधी नुसताच पुढे ढकललेला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘पूर्वी सगळे पृथ्वी सपाट मानत. आपण विश्वाच्या मध्यभागी आहोत या अहंकारापोटी माणसाने सूर्याला पृथ्वीभोवती फिरवलं. १५४३ मध्ये कोपर्निकसने हे खोटं असल्याचं सिद्ध केलं. गॅलिलिओने दुर्बिणीचा शोध लावून ते डोळ्यांनी दाखवलं, म्हणून त्याला जिवंत जाळलं. विरोध करणारे सगळे अडाणी होते.’

हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांना विज्ञानाबद्दल आस्था असते, आणि नेमकं म्हणूनच मला तो खुपतो. मी हौसेने आकाश बघतो, इतरांना दाखवतो. दुर्बिणीपाशी रांगेत उभी असलेली मुलंसुद्धा हीच गोष्ट पाठ म्हणून दाखवतात. तिच्यातली एकेक ओळ घेऊन बोलतो.

‘पूर्वी सगळे पृथ्वी सपाट मानत.’

काही समाजांत तशी समजूत होती. चीनमधल्या विद्वानांची मांडणी तर बराच काळ सपाट पृथ्वीचीच होती. पण हा मजकूर ज्या परंपरेबद्दल बोलतो, तिथे कोपर्निकसच्या अठराशे वर्षं आधीच हा प्रश्न सुटलेला होता. अ‍ॅरिस्टॉटलने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात दिलेला पुरावा आजही कुणीही पडताळून पाहू शकतो. चंद्रग्रहणात चंद्रावर सरकणाऱ्या सावलीची कड नीट बघा. चंद्र क्षितिजाजवळ असो की डोक्यावर, कड प्रत्येक वेळी गोलाईचीच असते. ताटाची सावलीही गोल पडते, पण ताट उजेडाकडे तोंड करून धरलं तरच. आडवं केलं की सावली पट्टीसारखी होते. कुठूनही उजेड पडला तरी गोलच सावली देणारा आकार एकच, चेंडूचा. पुढे एराटोस्थेनिसने इजिप्तमधल्या दोन शहरांत दुपारच्या उन्हाच्या कलण्यात किती फरक पडतो ते पाहिलं. तो पूर्ण वर्तुळाचा पन्नासावा भाग निघाला. दोन शहरांतलं अंतर पन्नासपट केलं की पृथ्वीचा परीघ.

कोलंबसशी विद्वानांनी घातलेला वाद आकाराचा नव्हताच, तो अंतराचा होता. कॅनरी बेटांपासून जपान साडेचार हजार किलोमीटरच्या आत आहे असं कोलंबसचं गणित होतं. खरं अंतर त्याच्या चौपटीहून जास्त आहे. गणित विरोधकांचं बरोबर होतं. मध्ये अमेरिका आली म्हणून कोलंबस वाचला. सपाट पृथ्वी मानणाऱ्या विद्वानांची कथा बरीचशी वॉशिंग्टन अर्व्हिंगने १८२८ साली लिहिलेल्या कोलंबसच्या रंगवलेल्या चरित्रामुळे पसरली.

‘अहंकारापोटी पृथ्वीला मध्यभागी बसवलं.’

ज्या काळाबद्दल हे बोललं जातं, त्या काळात मध्यभाग ही मानाची जागा नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलच्या मांडणीत जड ते सगळं खाली, म्हणजे विश्वाच्या केंद्राकडे जातं, आणि तिथे साठून पृथ्वी होते. इथे सगळं कुजतं, मोडतं, मरतं. न बदलणारं, निर्मळ असं जे काही, ते वर आकाशात. इटालियन कवी दान्तेने आपल्या महाकाव्यात पृथ्वीच्या केंद्रात, म्हणजे विश्वाच्या बरोबर मध्यभागी, सैतानाला गाडलेलं आहे. पृथ्वी मध्यभागी ठेवून ग्रहांचं गणित मांडणाऱ्या टॉलेमीने तर दुसऱ्या शतकातच लिहून ठेवलं होतं की आकाशाच्या विस्तारापुढे पृथ्वी म्हणजे केवळ एक बिंदू.

पृथ्वी स्थिर आहे असं मानण्याची कारणं साधी आणि प्रामाणिक होती. हवेत सरळ वर फेकलेला दगड फेकणाऱ्यापाशीच पडतो. जमीन हलताना जाणवत नाही. भारतातही हाच वाद झाला. आर्यभटाने ४९९ साली पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं. नावेत बसलेल्याला काठ मागे जाताना दिसतो, तसे तारे पश्चिमेला जाताना दिसतात, हा त्याचा दाखला. वराहमिहिराने त्यावर विचारलं की मग आकाशात उडालेले पक्षी आपल्या घरट्यांकडे परत कसे येतात? हा प्रश्न अडाण्याचा नाही. त्याचं पूर्ण उत्तर द्यायला जडत्वाची कल्पना लागते, आणि ती नीट आकाराला यायला सतरावं शतक उजाडावं लागलं. (आर्यभटाने सूर्य मध्यभागी ठेवला होता असंही सर्रास पाठवलं जातं. त्याची पृथ्वी स्वतःभोवती फिरते, पण त्याच्या गणितात ग्रहांच्या कक्षांच्या मध्यभागी पृथ्वीच आहे. त्याने जे केलं ते इतकं मोठं आहे की त्याला उसनं श्रेय लागत नाही.)

‘कोपर्निकसने सिद्ध केलं.’

इथे मला जरा थांबायचं आहे, कारण या गोष्टीतला सगळ्यात देखणा भाग इथेच आहे आणि मजकुरात नेमका तोच गाळलेला आहे.

सूर्य मध्यभागी ठेवण्याची कल्पना कोपर्निकसच्या अठराशे वर्षं आधी सामोसच्या अ‍ॅरिस्टार्कसने मांडली होती. कोपर्निकसने तिचं पूर्ण गणित उभं केलं, आणि त्यातून फार सुंदर गोष्टी आपोआप बाहेर पडल्या. मंगळ दर सव्वीस महिन्यांनी काही आठवडे उलटा चालताना दिसतो, आपण त्याला वक्री म्हणतो. पुढच्या संथ गाडीला मागे टाकताना ती क्षणभर मागे सरकल्यासारखी वाटते, तसंच हे. वेगाने फिरणारी पृथ्वी मंगळाला मागे टाकते. ग्रहांचा क्रम आणि सूर्यापासूनची त्यांची तुलनात्मक अंतरंही कोपर्निकसच्या गणितातून पक्की ठरत होती.

पण सुंदर असणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. कोपर्निकसच्या कक्षा वर्तुळांच्याच होत्या, आणि आकाशाशी मेळ बसवायला त्यालाही टॉलेमीसारखी वर्तुळावर वर्तुळं घ्यावी लागली. ग्रह कुठे दिसेल याचं भाकीत जुन्या पद्धतीपेक्षा फारसं अचूक होत नव्हतं. आणि एक आक्षेप असा होता की त्याला उत्तरच देता येत नव्हतं.

हात लांब करून अंगठा समोर धरा. एक डोळा मिटा, मग तो उघडून दुसरा मिटा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारतो. ही उडी म्हणजे पराशय. आता पृथ्वी सूर्याभोवती फिरत असेल तर सहा महिन्यांत आपण कक्षेच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जातो, आजच्या आकड्यांत तीस कोटी किलोमीटर. एवढ्या अंतराने डोळा हलला तर जवळचा तारा दूरच्या ताऱ्यांपुढे उडी मारताना दिसायलाच हवा. कुणालाही ती दिसत नव्हती. टायको ब्राहेलाही नाही. दुर्बिणीपूर्वीच्या काळातला सर्वांत अचूक निरीक्षक हा, त्याची मोजमापं अंशाच्या साठाव्या भागापर्यंत पोचायची. दोन सेंटिमीटरचं नाणं सत्तर मीटरवरून जेवढं दिसेल तेवढा कोन तो नुसत्या डोळ्यांनी, भल्या मोठ्या धातूच्या उपकरणांवर मोजत होता.

कोपर्निकसच्या बाजूने उत्तर येई की तारे अतिशय दूर असतील. त्यावर टायकोचा पुढचा मुद्दा तयार होता. डोळ्याला तेजस्वी तारा छोट्या टिकलीसारखा दिसतो. तो इतक्या दूर असूनही एवढा दिसत असेल, तर हिशेबाने तो पृथ्वीच्या अख्ख्या कक्षेएवढा निघतो. सूर्य त्याच्यापुढे ठिपकासुद्धा नाही. ख्रिस्टोफ रोथमान या कोपर्निकसच्या समर्थकाने यावर काय म्हणावं? ईश्वराच्या थोरवीला एवढे प्रचंड तारे शोभूनच दिसतात. या वादात आकडे मांडणारा पृथ्वी स्थिर मानत होता, आणि देवाचा आधार घेणारा ती फिरते म्हणत होता. ‘अडाणी विरुद्ध विज्ञान’ या चौकटीत हा प्रसंग कुठे बसवायचा?

टायकोचं चुकलं कुठे, ते कळायला १८३५ साल उजाडलं. ताऱ्याची ती टिकली खरी नसते. प्रकाश लहान छिद्रातून, म्हणजे डोळ्याच्या बाहुलीतून किंवा दुर्बिणीच्या भिंगातून जाताना पसरतो आणि बिंदूची टिकली होते, हे गणित तेव्हा जॉर्ज एअरीने मांडलं. टायकोला ते ठाऊक असण्याची शक्यताच नव्हती. हाताशी असलेल्या पुराव्यावरून त्याने काढलेला निष्कर्ष चुकीचा होता, पण त्याची पद्धत शुद्ध होती.

‘गॅलिलिओने दुर्बिणीचा शोध लावला, डोळ्यांनी दाखवलं, त्याला जाळलं.’

दुर्बिणीसाठी हॅन्स लिपरहेने नेदरलँड्समध्ये १६०८ सालीच पेटंट मागितलं होतं. गॅलिलिओने ती सुधारली आणि आकाशाकडे वळवली, आणि तेवढंही थोडं नाही. ७ जानेवारी १६१० ला त्याला गुरूजवळ एका रेषेत तीन ठिपके दिसले, काही दिवसांतच चौथा सापडला. गुरूभोवती फिरणारे हे चंद्र साध्या दुर्बिणीतून आजही तसेच दिसतात. तासा-दोन तासांनी पुन्हा डोळा लावला तर एखादा सरकलेला कळतो, आणि पहिल्यांदा बघणारा माणूस हमखास गप्प होतो.

त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलिलिओने शुक्राच्या कला पाहिल्या. टॉलेमीच्या मांडणीत शुक्र कायम पृथ्वी आणि सूर्य यांच्या मधल्या पट्ट्यात राहतो, म्हणजे त्याची कोरच दिसायला हवी. गॅलिलिओला जवळजवळ पूर्ण गोल शुक्रही दिसला. शुक्र सूर्यापलीकडे जातो, याला दुसरा अर्थ नाही. टॉलेमीची मांडणी तिथे संपली.

पण पृथ्वी फिरते हे त्यातून सिद्ध होत नव्हतं. टायकोने तिसरी एक मांडणी आधीच केली होती: बाकीचे ग्रह सूर्याभोवती, आणि सूर्य त्या सगळ्यांना घेऊन स्थिर पृथ्वीभोवती. शुक्राच्या कला तीतही बरोबर बसतात. गॅलिलिओला हे जाणवत असावं, म्हणूनच १६३२ च्या ग्रंथात त्याने भरती-ओहोटी हा पृथ्वीच्या गतीचा पुरावा म्हणून पुढे केला. तो पुरावा चुकीचा होता. भरती मुख्यतः चंद्रामुळे येते.

त्याला जाळलं नाही. १६३३ मध्ये खटला झाला, मत मागे घ्यायला लावलं, आणि १६४२ मध्ये मरेपर्यंत नजरकैदेत ठेवलं. १६०० साली रोममध्ये जाळलं ते जोर्दानो ब्रूनोला, आणि त्याच्यावर धर्मतत्त्वांबद्दलचेही बरेच आरोप होते. यातलं काहीही चर्चच्या बचावासाठी सांगत नाही. जवळजवळ सत्तर वर्षांच्या वृद्धाला गुडघ्यांवर बसवून त्याचं मत गिळायला लावणं हा अन्यायच होता. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर घातलेलं बंधन बंदी-यादीतून पूर्ण निघायला १८३५ उजाडलं, तोही अन्यायच. अन्याय सांगायला खोटी चिता लागत नाही.

‘विरोध करणारे सगळे अडाणी होते.’

मग पृथ्वी फिरते हे ठरवलं कुणी? त्यात सर्वांत मोठा वाटा या ‘अडाण्यां’पैकीच एकाच्या वह्यांचा आहे. टायको १६०१ मध्ये वारला आणि त्याची निरीक्षणं योहानेस केप्लरच्या हाती आली. केप्लर कोपर्निकसच्या बाजूचा. मंगळाची कक्षा वर्तुळांनी बसवता बसवता त्याचं गणित टायकोच्या नोंदींच्या इतकं जवळ आलं की फरक उरला एका अंशाच्या साठ भागांपैकी आठ भागांचा. दुसरा कुणी असता तर निरीक्षणाची चूक म्हणून सोडून देता. टायको एवढी चूक करणार नाही हे केप्लरला पक्कं ठाऊक होतं. आपल्या मताच्या विरोधकावरच्या या विश्वासापोटी त्याने वर्षांची मेहनत बाजूला सारली, आणि १६०९ मध्ये लंबवर्तुळाची कक्षा जाहीर केली. त्याच्या १६२७ च्या कोष्टकांवरून त्याने बुध सूर्यबिंबावरून जाईल असं भाकीत केलं, आणि ७ नोव्हेंबर १६३१ ला पिएर गॅसेंडीने पॅरिसमधून तो ठिपका सरकताना पाहिला. तोवर केप्लर हयात नव्हता. १६८७ मध्ये न्यूटनने या कक्षांमागचं कारण दिलं, आणि त्यानंतर पृथ्वी स्थिर मानायला फार थोडा आधार उरला.

तरीही ताऱ्यांची ती उडी मोजायची राहिलीच होती. ती शोधताना १७२० च्या दशकात जेम्स ब्रॅडलीला तारे हलताना दिसले, पण भलत्याच दिशेने. सरळ पडणाऱ्या पावसात चालू लागलं की छत्री पुढे कलती करावी लागते, तशी धावत्या पृथ्वीवर ताऱ्याच्या प्रकाशाची दिशा कललेली दिसते, हे त्याच्या ध्यानात आलं. पृथ्वीच्या प्रवासाचा पहिला थेट पुरावा हा, आणि तो दुसरंच काही शोधताना मिळाला.

खरी उडी फ्रीडरिख बेसेलने १८३८ मध्ये मोजून दाखवली. त्याने तेजस्वी तारा न निवडता हंस तारकासमूहातला ६१ सिग्नी हा मंद तारा निवडला, कारण तो आकाशात दर वर्षी इतर ताऱ्यांपेक्षा बराच जास्त सरकतो, म्हणजे जवळचा असावा. एका अंशाचे ३,६०० भाग केले की एक भाग म्हणजे विकला. बेसेलचा पराशय, म्हणजे पूर्ण उडीचा निम्मा कोन, निघाला विकलेच्या एक तृतीयांशाहूनही किंचित कमी. टायकोसाठी सत्तर मीटरवर धरलेलं तेच नाणं आता तेरा किलोमीटर लांब नेऊन बघायचं. कोपर्निकसच्या ग्रंथाला तेव्हा २९५ वर्षं झाली होती.

काळोख्या आकाशात ६१ सिग्नी नुसत्या डोळ्यांनी जेमतेम दिसतो. लहान दुर्बिणीतून बघितलं की तो एक नसून दोन असल्याचं कळतं, शेजारी शेजारी दोन नारिंगी ठिपके, सुमारे साडेअकरा प्रकाशवर्षं दूर. रांगेतल्या मुलांना गुरू दाखवून झाला की मी आता दुर्बीण तिकडे वळवतो, आणि अंगठा धरायला सांगतो.