१९१९: गेलेले सगळ्यांना माहीत, मागे राहिलेल्यांचं काय?

मराठी साहित्यातलं १९१९ साल नुसत्या तारखा वाचल्या तरी अंगावर येतं. २३ जानेवारीला सावनेरला गडकरी गेले, क्षयाने, वय ३३. ३ मार्चला हरिभाऊ आपटे. ९ मेला मुंबईत रेव्हरंड टिळक. साडेतीन महिन्यांत नाटक, कादंबरी, कविता, तिन्हीकडची मोठी माणसं संपली, आणि बालकवी तर आदल्याच मे महिन्यात भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेलेले, ज्यांना नगरला टिळकांनी आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी घरच्या पोरासारखं सांभाळलं होतं. त्या बाईंनी वर्षभरात काय काय सोसलं असेल.

गडकरी तर शेवटपर्यंत लिहीतच होते. 'भावबंधन' मरणाच्या काही तास आधी पुरं केलं म्हणतात, 'राजसंन्यास' मात्र अर्धंच राहिलं. आणि त्यांच्या 'एकच प्याला' नाटकाचा पहिला प्रयोग बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीने फेब्रुवारीत बडोद्याला केला, म्हणजे ते जाऊन महिनाही झाला नव्हता हो! गणपतराव बोडस सुधाकर, बालगंधर्व सिंधू. ज्याने लिहिलं त्याला ते स्टेजवर दिसलंच नाही, याची हळहळ मराठी माणूस शंभर वर्षं करतोय आणि करावीच.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. त्या नाटकातली पदं कुणाची? दहा नाट्यप्रेमींना विचारा, बहुतेक जण गडकरीच म्हणतील. पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, गडकऱ्यांच्या मित्राची. 'कशि या त्यजू पदाला' ऐकून आजही लोकांचे डोळे भरतात, मग त्या माणसाचं नाव घ्यायला आपल्याला काय जड जातं? मैफलीत राग सांगतात, ताल सांगतात, बालगंधर्वांच्या आठवणी सांगतात, गुर्जरांचं नाव नाहीच. मला याचा खरंच राग येतो.

तसंच 'ख्रिस्तायन'चं, म्हणजे टिळकांच्या ख्रिस्तचरित्रावरच्या महाकाव्याचं. टिळकांनी सुरुवातीचे अध्याय लिहिले आणि ते गेले, पुढचा बहुतेक सगळा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पुरा केला. लग्न झाल्यावर अक्षरं शिकलेली बाई, नवरा गेल्यावर त्याचं महाकाव्य हाती घेते आणि शेवटाला नेते, याला तोड नाही! त्यांचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' आपण डोक्यावर घेतो ते योग्यच, अप्रतिमच पुस्तक आहे ते, पण कवी म्हणून त्यांचं हे एवढं मोठं काम कुणी वाचत नाही, वर्गात शिकवताना 'टिळकांचं ख्रिस्तायन' एवढंच सांगून पुढे जातात.

नाट्यसंगीताचे कार्यक्रम करणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, 'एकच प्याला'तलं पद गाण्याआधी निवेदनात गुर्जरांचं नाव घ्या, दोन सेकंदं लागतात. आणि इथे कुणी 'ख्रिस्तायन'मधला लक्ष्मीबाईंचा भाग नीट वाचला असेल तर त्यातल्या आवडलेल्या ओव्या खाली टाका, मला वाचायच्या आहेत.