येशू म्हणजे होरसची नक्कल? ती यादी एकेक ओळीनं तपासू

नाताळ जवळ आला की ती यादी व्हॉट्सअॅपवर फिरायला लागते. यंदा मला ती तिघांनी पाठवली, आणि त्यातले दोघं चांगले वाचणारे आहेत. मजकूर थोडक्यात असा: इजिप्तचा देव होरस २५ डिसेंबरला कुमारिकेच्या पोटी जन्मला, त्याला १२ शिष्य होते, त्याला क्रुसावर चढवलं आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा जिवंत झाला. रोमन लोकांच्या मिथ्रास देवाचं तसंच, कृष्णाचंही तसंच. 'ख्रिस्त' हा शब्दसुद्धा 'कृष्ण'वरून आला. म्हणून येशूची गोष्ट ही जुन्या धर्मांवरून मारलेली कॉपी.

जुन्या धर्मांमधून ख्रिस्ती गोष्टींत काय काय आलं, हा प्रश्न अगदी रास्त आहे. तो विचारल्यानं कुणाच्या श्रद्धेला धक्का बसतो असंही मला वाटत नाही. मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. ही यादी येशूला खोटं पाडायला निघते आणि त्यासाठी आधी होरस, मिथ्रास आणि कृष्ण यांच्या गोष्टी खोट्या करते. ज्या देवांच्या मोठेपणासाठी ती पुढे पाठवली जाते, त्यांची स्वतःची कथा तिच्यात शिल्लकच राहत नाही.

"होरस कुमारिकेच्या पोटी जन्मला." होरसची आई आयसिस ही ओसायरिसची बायको. सेत हा ओसायरिसचा सख्खा भाऊ. त्यानं ओसायरिसला मारून त्याच्या देहाचे तुकडे केले. प्लुटार्क हा ग्रीक लेखक १४ तुकडे सांगतो. आयसिसनं नाईलकाठी हिंडून ते गोळा केले. लिंग मात्र माशांनी खाल्लं होतं, तेव्हा तिनं त्याची प्रतिकृती घडवली. अबायडोसला पहिल्या सेती राजाच्या देवळात हा प्रसंग भिंतीवर कोरलेला आहे, येशूच्या सुमारे तेराशे वर्षं आधीचा. ओसायरिस पलंगावर उताणा पडलाय आणि त्याच्या कमरेवर आयसिस घारीचं रूप घेऊन पंख पसरून तरंगतेय. मेलेल्या नवऱ्यापासून मूल मिळवणारी ही बायको आहे. अशा चित्राला 'कुमारी माता' म्हणायचं असेल, तर ते चित्र कुणी पाहिलेलंच नाही असं म्हणावं लागतं.

इथे लक्सरच्या देवळाचाही दाखला देतात: तिथे म्हणे देवदूताचा निरोप, गर्भधारणा, जन्म, सगळं येशूसारखं कोरलंय. ती तिसऱ्या आमेनहोतेप राजाची जन्मकथा आहे, होरसची नाही. बाजूच्या मजकुरात स्वच्छ लिहिलंय की आमुन देव राजाचं रूप घेऊन राणी मुतेमवियाकडे गेला, देवाच्या सुगंधानं तिला जाग आली, आणि पुढे त्यांचं मीलन झालं. चित्रलिपी वाचता येत नसेल तर शेजारचं भाषांतर तरी वाचावं.

"१२ शिष्य." इजिप्तच्या कुठल्याही ग्रंथात होरसचे १२ शिष्य नाहीत. आहेत ते चार पुत्र: इम्सेती, हापी, दुआमुतेफ, केबेहसेनुएफ. ममी करताना काढलेलं यकृत, फुप्फुसं, जठर आणि आतडी ज्या बरण्यांत ठेवत, त्यांचे हे चार राखणदार. त्या बरण्या जगभरच्या संग्रहालयांत आहेत.

"क्रुसावर मेला, तिसऱ्या दिवशी उठला." लहानपणी होरसला विंचू चावल्याची गोष्ट आहे, आणि थॉथ देव विष उतरवून त्याला वाचवतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात इ.स.पू. चौथ्या शतकातली एक शिला आहे, तिच्यावर ही कथा आणि विषाचे मंत्र कोरलेत. अशा शिलांवर पाणी ओतून ते आजाऱ्याला पाजत. विंचू चावलेल्या पोराच्या आईचा आधार म्हणजे ही गोष्ट. तिचा क्रूस करणं मला फार लागतं.

मग ही यादी आली कुठून? १८७५ साली केर्सी ग्रेव्हज या अमेरिकन लेखकानं १६ 'क्रुसावर चढलेल्या तारणहारां'वर पुस्तक लिहिलं. जेराल्ड मॅसी या इंग्लिश कवीनं होरसशी समांतरं जुळवत नेली, १९०७ पर्यंत. २००७ मध्ये 'झाइटगाइस्ट' नावाच्या चित्रपटानं सगळं इंटरनेटवर आणलं, आणि तिथून ते आपल्या फोनमध्ये उतरलं.

मिथ्रास. त्याला आईच नाही. रोमन साम्राज्यात सापडलेल्या मूर्तींमध्ये तो खडकातून वर येतो, अंगात तारुण्य, हातात सुरा आणि मशाल. तो बैल मारतो. तो स्वतः मेल्याची गोष्ट सापडत नाही, मग उठण्याचा प्रश्नच कुठे येतो? बैलाभोवती कधीकधी १२ राशी कोरलेल्या असतात, त्यांचेच 'शिष्य' केले गेलेत. आणि रोमन मिथ्रासपंथाचे पुरावे इ.स. पहिल्या शतकाच्या शेवटापासून मिळू लागतात, म्हणजे नव्या करारातली सगळ्यात जुनी मानली जाणारी पौलाची पत्रं लिहून झाल्यानंतर.

२५ डिसेंबर तर शुभवर्तमानांत कुठेच नाही. मत्तय तारीख देत नाही, लूकही देत नाही. इ.स. ३५४ च्या एका रोमन पंचांगात त्या दिवशी 'अजिंक्या'चा, म्हणजे सूर्यदेवाचा जन्म आणि ३० रथशर्यती नोंदल्या आहेत. त्याच ग्रंथात दुसऱ्या पानावर बेथलेहेममध्ये ख्रिस्ताचा जन्मही त्याच तारखेला आहे. सणाची तारीख सूर्यावरून आली, की २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. आर्मेनियन चर्च तर आजही ६ जानेवारीलाच जन्मोत्सव करतं. तारीख उसनी निघाली तरी उसना निघेल तो सण. त्याच्या अडीचशेक वर्षं आधी लिहिलेली गोष्ट नव्हे.

आता कृष्ण. गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला येते, भर पावसात. देवकी वसुदेवाची पत्नी आणि कृष्ण तिचा आठवा. शेवट प्रभासक्षेत्री, जरा नावाच्या व्याधाचा बाण पायाला लागून. हे आपल्या घरातल्या आजीलाही ठाऊक असतं, तरी फॉरवर्ड पुढे जातोच. 'ख्रिस्त' म्हणजे ग्रीक 'ख्रिस्तोस', हिब्रू 'मशीहा'चं भाषांतर, अर्थ अभिषिक्त: ज्याच्या डोक्यावर तेल ओतलंय तो. 'कृष्ण' म्हणजे काळा.

कंस आणि येशूच्या जन्मकथेतला राजा हेरोद यांचं साम्य मात्र खरं आहे. दोघांना भाकीत कळतं, दोघं बाळांना मारतात. कंसवधाचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यातच आहे, त्यामुळे कृष्णकथा जुनी आहे यात शंका नाही. पण उसनवारी म्हणायची तर शब्दांचा माग लागायला हवा. तो कसा लागतो हे मराठीतच बघता येतं. गोव्यात राशोलला १६१६ साली छापलेल्या क्रिस्तपुराणात फादर स्टीफन्स येशूची कथा ओवीत सांगतात आणि स्वर्गाला 'वैकुंठ' म्हणतात. शब्दच सांगतो कुणाकडून घेतलाय. मत्तयातही असा शब्द सापडतो. हेरोद मेल्यावर देवदूत योसेफाला सांगतो की बाळाच्या जिवावर उठलेले मेले. मेला तर एकटा हेरोद. मग अनेकवचन का? कारण यहुद्यांच्या शास्त्रातल्या निर्गम या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात देव मोशेला हेच सांगतो: तुझ्या जिवावर उठलेले सगळे मेले. बाळं मारणारा राजाही तिथलाच, इजिप्तचा फारो. मत्तयानं हेरोदाला मथुरेतून आणलं नाही. त्याच्या स्वतःच्या पोथीत तो होता.

यादीवाले जस्टिनचाही आधार घेतात. दुसऱ्या शतकातला हा ख्रिस्ती लेखक रोमन सम्राटाला म्हणतो की आम्ही येशूबद्दल सांगतो त्यात तुमच्या ज्युपिटरच्या पुत्रांहून फारसं नवं नाही. वाक्य खरं आहे. ख्रिस्ती लोकांचा छळ थांबावा म्हणून त्यानं ते लिहिलं, म्हणून तो साम्य ताणून सांगतो. पण त्याच अर्जात पुढे तो म्हणतो की ज्युपिटरच्या एकाही पुत्राला क्रुसावर चढवल्याचं कुणी सांगितलेलं नाही. यादीतली मुख्य ओळ यादीच्याच साक्षीदारानं खोडून ठेवली आहे.

ख्रिस्ती लोकांनी बाहेरून घेतलं, खरंच घेतलं. व्हॅटिकनमध्ये संत पेत्राच्या चर्चखालच्या दफनभूमीत एका छोट्या कबरीच्या छतावर तिसऱ्या शतकातलं मोझेइक आहे: सोनेरी पार्श्वभूमी, भोवती द्राक्षवेली, पांढरे घोडे, रथात उभा ख्रिस्त, डोक्यातून किरण फुटलेले. तो सरळ सूर्यदेव आहे. चित्रकाराला जो नमुना येत होता त्यानं तो वापरला.

गोष्टींची मुळं मात्र यहुद्यांच्या शास्त्रात सापडतात, आणि इतकी की मोजता मोजता थकायला होतं. अलीशा हा संदेष्टा २० भाकरींत १०० माणसं जेवू घालतो आणि उरतं. येशू पाच भाकरींत पाच हजार. क्रुसाखाली येशूच्या कपड्यांवर सैनिक चिठ्ठ्या टाकतात, त्या २२ व्या स्तोत्रातून. कुमारिकेचा मुद्दाही इथलाच: यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात हिब्रू शब्द 'तरुणी' असा आहे, ग्रीक भाषांतरात तो 'कुमारी' झाला आणि मत्तयानं ग्रीक उद्धृत केलं. एलिया हा संदेष्टा सारफथ गावाच्या वेशीजवळ एका विधवेला भेटतो आणि पुढे तिचा मेलेला मुलगा उठवतो. लूकमध्ये येशू नाईनच्या वेशीजवळ पोचतो तेव्हा एका विधवेच्या एकुलत्या मुलाची प्रेतयात्रा बाहेर पडत असते. तो मुलाला उठवतो, आणि पुढचं वाक्य राजांच्या पुस्तकाच्या ग्रीक भाषांतरात जसं आहे, तसंच्या तसं लूक लिहितो: आणि त्यानं त्याला त्याच्या आईला दिलं.