खिशात लिंबू

किचनचा ओटा बदलायचं ठरलं तेव्हा बायकोची एकच अट होती, जे काय बसवायचं ते नॅचरल पाहिजे. मी लगेच हो म्हणून मोकळा झालो, म्हटलं दगड म्हणजे दगड, त्यात बघायचंय काय.

पहिल्याच दुकानात पांढराशुभ्र मार्बल बघून दोघंही विरघळलो. सॅम्पलचा तुकडा घरी आणला, त्याच्यावर अर्धं लिंबू पालथं ठेवलं आणि विसरून गेलो. सकाळी उचललं तर खाली लिंबाच्या मापाचा गोल ठसा. डाग म्हणावा तर डागही नाही, तेवढी चकाकीच गायब! घासून घासून माझा खांदा गेला, ठसा तिथेच. मग कळलं की मार्बल म्हणजे मुळात कॅल्शियम कार्बोनेट, आंबट लागलं की तो चक्क झिजतो. सीलर मारला तर तेल, चहा आत मुरायला वेळ लागतो एवढंच, आंबटापुढे सीलरही हात टेकतो. म्हणजे आम्ही मार्बल बघून विरघळलो आणि मार्बल लिंबू बघून.

तेव्हापासून मी खिशात लिंबू आणि काचेचा तुकडा घेऊन हिंडायला लागलो. एका दुकानदाराने पांढरी, करड्या रेघांची स्लॅब दाखवली, म्हणे क्वार्टझाइट आहे साहेब, क्वार्ट्झ नाही हां. (क्वार्ट्झ म्हणून विकतात तो कारखान्यातला, दगडाचा चुरा रेझिनमध्ये बसवलेला. क्वार्टझाइट म्हणजे जमिनीखाली उष्णतेने आणि दाबाने घट्ट झालेला वाळूचा दगड. नावात एवढा सारखेपणा ठेवणाऱ्याला काय म्हणावं!) खरा क्वार्टझाइट काचेवर ओरखडा काढतो, म्हणून त्याच्याच सॅम्पलचा कोपरा काचेवर जोर लावून ओढला. काच ढिम्म. मग लिंबू पिळलं, तर बारीक बुडबुडे. मी दुकानदाराकडे बघतोय आणि तो लिंबाकडे.

लाकडाचा विचार मेव्हण्याकडे जाऊन सोडला. त्याच्या लाकडी ओट्याला तो दर महिन्याला तेल चोळतो, मी स्वतःच्या डोक्याला आयुष्यात एवढं तेल लावलेलं नाही, आणि तरी सिंकच्या कडेला काळं पडलंच.

सोपस्टोन मला मनापासून आवडला होता. पाणी पीत नाही, आंबटाला भीक घालत नाही, लॅबमधली टेबलं त्याची करायचे ते उगाच नाही. पण त्यात शंखजिरं, त्यामुळे नुसती किल्ली टेकवली तरी रेघ. दुकानदार म्हणाला, सँडपेपरने घासलं की जाते. बायकोने माझ्याकडे बघून विचारलं, "दर रविवारी घासशील?" विषय संपला.

शेवटी काळा ग्रॅनाइट. दुकानात त्याच्यावर पाण्याचे थेंब टाकून आम्ही पंधरा मिनिटं टक लावून उभे, खालचा दगड गडद झाला तर पाणी मुरतंय असं समजायचं. नाही झाला. घेतला, बसवला. मग शेजारचे काका आले, भूगर्भशास्त्र शिकवायचे, भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, "अहो हा ग्रॅनाइट नाहीच, गॅब्रो आहे. बाजारात काळ्या टणक दगडाला सगळे ग्रॅनाइटच म्हणतात."

बायकोने घाबरून विचारलं, "पण काका, नॅचरल आहे ना?"

आहे म्हणाले, तेव्हा चहा मिळाला त्यांना.

आता महिनाभर बिनधास्त ओट्यावरच लिंबं चिरतोय. ओट्याला काही म्हणजे काही झालेलं नाही, पण सुऱ्या पार बोथट झाल्यात. धार लावायला दगड आणायला निघालो तर आतून आवाज आला, "नॅचरल बघ हां!"