सड्यावरच्या दादांना उत्तर: टिक्टालिक, खाडीतला चिखल आणि माझी चूक

दादा, खाली प्रतिक्रियेतच उत्तर लिहायला घेतलं होतं पण ते एवढं लांबलं की म्हटलं सरळ वेगळंच टाकूया. बाकीच्यांसाठी थोडक्यात, गेल्या आठवड्यात मी ध्रुवाकडच्या प्राचीन समुद्रांतल्या जीवाश्म माशांवर लिहिलं, त्यावर 'सड्यावरचा' या नावाने लिहिणाऱ्या दादांचं म्हणणं की टिक्टालिकला थंड समुद्रातला मासा म्हणणं ही शुद्ध थाप आहे, ध्रुवाकडे मिळतात ते सगळे जीवाश्म खंड सरकत तिकडे गेले म्हणून मिळतात, आणि रत्नागिरीत बसून अंटार्क्टिकाच्या गजाली कशाला, आपल्या कातळात शोधा की.

पहिल्या मुद्द्यावर कान पकडतो. टिक्टालिक 2004 साली कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मिळाला, आर्क्टिकमध्ये, आणि ते वाचून डोक्यात आपोआप बर्फच आला, लिहून मोकळा झालो. पण तो जगला साडेसदतीस कोटी वर्षांपूर्वी आणि तेव्हा ती जमीन विषुववृत्ताच्या आसपास होती. तुमच्या नजरेतून सुटलेली दुसरी चूक मीच सांगतो, तो समुद्रातला पण नव्हता! ज्या गाळात मिळाला तो नदीनाल्यांचा गाळ. उथळ पाण्यात पुढच्या परांवर अंग उचलणारा मासा, म्हणजे ओहोटीला आपल्या खाडीच्या चिखलावर निवटी सरकते ना, तसं काहीतरी डोळ्यांपुढे आणा. (निवटीचं आणि त्याचं जवळचं नातं काही नाही, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर परत कान उपटाल.)

पण 'सगळे सरकून गेले' इथे मात्र तुम्ही घाई केलीत. याच्या अगदी उलटं उदाहरण आहे आणि ते मी मूळ लेखात घ्यायलाच हवं होतं. दक्षिण आफ्रिकेत माखांडा, म्हणजे जुनं ग्रॅहम्सटाउन, त्याच्याजवळ वॉटरलू फार्म म्हणून जागा आहे. 1985 साली तिथे रस्त्यासाठी डोंगर कापला आणि साधारण 36 कोटी वर्षांपूर्वीचा काळा शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा दगड, उघडा पडला, पुढे 1999 मध्ये रस्त्याचं काम परत निघालं तेव्हा जीवाश्मांचे अभ्यासक रॉबर्ट गेस यांनी तो दगड टनांनी उचलून बाजूला नेला आणि वर्षानुवर्षं पापुद्रा पापुद्रा उलगडत बसले. आपल्याकडे महामार्गासाठी किती डोंगर कापले, कोणी वळून तरी बघितलं का, असो. तर ही जागा तेव्हा सुमारे 70 अंश दक्षिणेला होती, अंटार्क्टिक वृत्ताच्या आत, हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नसणार. म्हणजे मासे ध्रुवाकडचे आणि मिळाले कुठे तर ऊबदार आफ्रिकेत.

आणि जागा कसली होती, तर खाडी. समुद्राला लागून, तळाला ऑक्सिजन नसलेला काळा चिखल, आपल्या खाडीत पाय रुतला की खालून जो वास मारतो ना तसलाच असणार. तिथे मेलेला मासा कुजायच्या आत झाकला जायचा, म्हणून आज काळ्या पाटीवर खडूने काढल्यासारखे पांढरट चंदेरी ठसे मिळतात. त्यात लॅम्प्री (जबडा नसलेला, वामसारखा लांबट मासा) आहे, सीलाकांथ या मांसल परांच्या प्राचीन माशाची बोटाएवढी पिल्लं आहेत (जातीचं नाव सेरेनिक्थिस, वर्णन 2015 चं), म्हणजे आपल्याकडे कोळंबीची पिल्लं खाडीत वाढतात तशी ती खाडी त्यांची बालवाडी होती असं मानतात. 2023 मध्ये तिथल्याच हायनेरिया नावाच्या शिकारी माशाचं वर्णन आलं, लांबी अंदाजे 2.7 मीटर, आपल्या टपात मावायचा नाही. पण खरी गंमत 2018 ची, तिथूनच टुटुसियस आणि उम्झांट्सिया हे दोन चार पायांचे प्राणी जाहीर झाले. त्या काळातले तसले बाकीचे सगळे ऊबदार भागातले, त्यामुळे पाण्यातून जमिनीवर यायचा खेळ उष्ण कटिबंधातच झाला असं धरून चालायचे, ते एकदम डळमळलं.

न सरकलेलं उदाहरण पण आहे. अंटार्क्टिकाजवळचं सीमोर बेट चार-पाच कोटी वर्षांपूर्वीही साधारण आजच्याच अक्षांशावर होतं, आणि तिथल्या गाळात मुशीचे, म्हणजे शार्कचे दात ढिगाने मिळतात, कारण तेव्हा पाणी आजच्यापेक्षा बरंच कोमट होतं, मोठा बर्फ साठायला लागला तो 3.4 कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे जमीन जागेवर, हवा बदलली.

जमीन तेव्हा कुठे होती हे ठरवतात कसं असं कोणी विचारेलच म्हणून, दगडातले लोखंडाचे बारीक कण तो दगड तयार होताना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने लागतात आणि तसेच अडकून राहतात, विषुववृत्ताजवळ जवळजवळ आडवे, ध्रुवाजवळ उभट, त्या कलावरून अक्षांश निघतो.

राहिला कातळ. दादा, आपला सडा म्हणजे जांभा, त्याच्याखाली लाव्हाचा काळा दगड, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. तापलेल्या लाव्हात मासा कुठून टिकणार, आणि जांभा तर दगड कुजून झालेला. मिळालंच तर लाव्हाच्या दोन थरांमध्ये अडकलेल्या गाळात, जसे वरळीच्या टेकडीत बेडकांचे जीवाश्म मिळाले, त्यांचं वर्णन 1847 मध्येच झालंय. तेव्हा शोधायला माझी ना नाही, विहीर खणताना काळा पापुद्र्याचा गाळ लागला तर फोन करा, कोयती टाकून येतो.

मूळ लेखातलं 'थंड समुद्र' खोडून ठेवलंय, पुसलं नाही. टिक्टालिकच्या जागी आता हायनेरिया आहे.